स्थापत्य अभियांत्रिकीचे औद्योगिक प्रशिक्षण : साइट कशी मिळवावी, तिथे काय शिकावे, कागद कोणते घ्यावेत

स्थापत्य अभियांत्रिकीच्या म्हणजे सिव्हिलच्या पदवी अभ्यासक्रमात औद्योगिक प्रशिक्षण आता ऐच्छिक राहिलेले नाही. विद्यार्थी त्याला सरळ 'इंटर्नशिप' म्हणतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० क्रेडिट आहेत आणि इंटर्नशिप त्याचाच भाग आहे. परिषदेच्या इंटर्नशिप धोरणाने पदवीच्या काळात मिळून ६०० ते ७०० तासांची, म्हणजे १४ ते २० क्रेडिटची चौकट सांगितली. एका क्रेडिटमागे किमान ४० ते ४५ तासांचे काम धरले आहे. प्रत्यक्षात विद्यापीठागणिक फरक पडतो. कुठे उन्हाळी सुट्टीत चार ते सहा आठवडे असतात, कुठे शेवटच्या वर्षी पूर्ण सत्र. म्हणून सर्वात आधी आपल्या विद्यापीठाचा आपल्या तुकडीला लागू असलेला अभ्यासक्रम काढून वाचावा. किती आठवडे, किती क्रेडिट, मूल्यमापन कोण करणार, हे त्यात लिहिलेले असते. सीनियर सांगतात ते बऱ्याचदा जुन्या पॅटर्नचे असते.

नियम सर्वांना सारखा आहे. साइट मात्र सर्वांना सारखी मिळत नाही, आणि या लेखाचे कारण तेच आहे. समाजकार्याच्या निमित्ताने वसतिगृहांतील आणि वस्त्यांतील विद्यार्थ्यांशी सतत बोलणे होते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. महाविद्यालय पत्र देते आणि सांगते, 'कंपनी तुम्ही शोधा.' ज्याचे मामा कंत्राटदार आहेत किंवा वडील बांधकाम खात्यात आहेत, त्याचे काम एका फोनवर होते. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच आहे, तो दहा ऑफिसांच्या पायऱ्या चढतो आणि शेवटी पैसे देऊन प्रमाणपत्र आणतो. परीक्षेत दोघांनाही क्रेडिट मिळतात. वर्षभराने नोकरीच्या मुलाखतीत मात्र 'स्लॅबचे स्टील तपासताना काय काय बघशील?' या प्रश्नाला एकच जण उत्तर देतो.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध ठाऊक असतो. नोकरीची बातमी जवळच्या नातलगांपेक्षा दूरच्या, तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक पोचते, असे त्यांनी दाखवले. प्रशिक्षणाच्या जागेचेही तसेच आहे. प्रश्न इतकाच की तोंडओळखीतही अभियंता, वास्तुविशारद किंवा ठेकेदार नसेल तर काय करायचे? आपल्याकडे त्यात आडनावाची भर पडते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले गेले. दलित आडनाव असलेल्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. प्रशिक्षणासाठी तर जाहिरातही निघत नाही, मुलाखतही होत नाही. सगळे ओळखीवरच चालते. तेव्हा ओळख नसताना दार कुठून उघडता येते, त्याची माहिती आधी.

साइट शोधण्याच्या जागा

सरकारी कार्यालयांकडे विद्यार्थी सहसा वळत नाहीत. तिथे काम होत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, जलसंपदा विभाग, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, नगरपरिषद, महानगरपालिका यांची कामे प्रत्येक जिल्ह्यात चालू असतात. अर्ज विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह, किमान दोन महिने आधी द्यावा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. परवानगी कार्यकारी अभियंता देतात, पण शिकवतो तो शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता. म्हणून अर्ज देण्याआधी उपविभागात जाऊन सध्या कोणती कामे चालू आहेत ते विचारावे आणि अर्जात कामाचे नाव लिहावे. 'आपल्या विभागात प्रशिक्षण मिळावे' असा मोघम अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. 'अमुक रस्त्यावरील पुलाच्या कामावर' असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

खासगी साइट शोधण्यासाठी महारेराचे संकेतस्थळ हा फार कमी वापरला जाणारा मार्ग आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पांना स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. त्या नोंदीत विकासकाबरोबर वास्तुविशारद आणि संरचना अभियंता यांची नावेही सापडतात. आपल्या तालुक्यातील चालू प्रकल्पांची यादी तासाभरात तयार होते. ओळख नसलेल्या विद्यार्थ्याची ओळखीची वही इथून सुरू होऊ शकते. विकासकाच्या चकचकीत ऑफिसात जाण्यापेक्षा संरचना अभियंत्याच्या लहान ऑफिसात जावे, असे माझे मत आहे. तिथे दोन-चार माणसे असतात, नवीन मुलाला काम द्यावेच लागते आणि ड्रॉइंग हाताळायला मिळते. सरकारी कामांवर कामाचे नाव, किंमत, ठेकेदार आणि विभाग लिहिलेला फलक असतो. त्याचा फोटो काढून ठेवला तरी पत्ता मिळतो.

एआयसीटीईचे इंटर्नशिप पोर्टल आहे, त्यावर नोंदणी करून ठेवावी. नागरी स्थानिक संस्था आणि स्मार्ट सिटींसाठी २०२० मध्ये सुरू झालेला 'ट्युलिप' हा कार्यक्रम नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यात वेळ घालवू नये. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही असाच गोंधळ दिसतो. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये आणि आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. मात्र शिक्षण चालू असलेल्यांसाठी ती नाही.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आपलीच मुले पाठ फिरवतात, ती म्हणजे स्वतःचे गाव. जलजीवन मिशनमधून गावोगाव जलकुंभ आणि नळयोजनांची कामे निघाली. तालुक्यात पूल, रस्ते, शाळाखोल्यांची कामे चालू असतात. घरून सायकलने जाता येईल अशा कामावर सहा आठवडे काढले तर खोलीभाडे वाचते. उंच जलकुंभाचे बांधकाम पाया, कॉलम, बीम, घुमट आणि पाणीगळतीची चाचणी असे सगळे एकाच ठिकाणी दाखवते. पुण्या-मुंबईच्या टॉवरवर सहा आठवडे फक्त एका मजल्याच्या टाइल्स मोजणाऱ्या मुलापेक्षा असा मुलगा जास्त शिकलेला असतो. बायोडेटामध्ये मोठ्या कंपनीचे नाव चांगले दिसते हे खरे, पण मुलाखत घेणारा अभियंता दुसऱ्याच प्रश्नाला नावाच्या पलीकडे जातो.

ऋतूचाही विचार करावा. सुट्टी मे ते जुलैमध्ये येते आणि आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो. डांबरीकरण थांबते, मातीकाम थांबते. रस्त्याच्या कामावर जायचे असेल तर मेच्या पहिल्याच दिवसापासून जावे. जूननंतर इमारतीचे आरसीसी काम, प्रयोगशाळा किंवा डिझाइन ऑफिस बरे. धरणाच्या ठिकाणी उलट आहे. पावसाळ्यात दरवाजे, विसर्ग, पाणीपातळीच्या नोंदी हे सगळे तेव्हाच पाहायला मिळते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे 'मेरी' आणि १९१६ मध्ये सुरू झालेले खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ही पाण्याच्या कामाची आवड असलेल्यांनी चौकशी करावी अशी ठिकाणे आहेत. तिथे जागा थोड्या असतात आणि अर्ज फार आधी द्यावा लागतो.

क्लास म्हणजे प्रशिक्षण नव्हे

अनेक खासगी संस्था 'इंडस्ट्रियल ट्रेनिंग' या नावाखाली ऑटोकॅड, रेव्हिट, स्टॅड शिकवतात, फी घेतात आणि कंपनीच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र देतात. सॉफ्टवेअर शिकण्यात गैर काही नाही, पण तो क्लास आहे. काम देणारी आस्थापना प्रशिक्षणार्थीकडून पैसे घेत असेल तर तिथे काम नाही, असे खुशाल समजावे. साइटवर न जाता मिळणारे प्रमाणपत्र हा तर सरळ व्यवहार आहे. तो करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. महाविद्यालयाने हात वर केले आणि तारीख जवळ आली की वीस वर्षांचा मुलगा दुसरे काय करणार? पण त्यात नुकसान त्याचेच होते. घरी बांधकामाचा धंदा असलेला मुलगा असे प्रमाणपत्र घेतो तेव्हा त्याच्याकडे शिकण्याची दुसरी जागा असते. पहिल्या पिढीच्या मुलाकडे तेच सहा आठवडे असतात.

साइटवर काय शिकायचे

पहिल्या दिवशी 'सगळे बघ' असे सांगितले जाते. सगळे बघणारा काहीच बघत नाही. स्वतःची यादी घेऊन जावे. ही यादी मी बनवलेली नाही. साइटवर आयुष्य काढलेल्या अभियंत्यांनी आणि फिटर-गवंड्यांनी विद्यार्थ्यांशी बोलताना जे सांगितले, ते इथे मांडले आहे.

सुरुवात ड्रॉइंगपासून. कॉलमचे लाइनआउट ड्रॉइंगवरून जमिनीवर कसे येते, कर्ण मोजून काटकोन कसा तपासतात, ऑटो लेव्हलवर बेंचमार्क कसा धरतात, टोटल स्टेशन असेल तर त्यावर बिंदू कसे सोडतात, हे स्वतः हातात यंत्र घेऊन करावे. ओळंबा आणि गुण्या वापरायला गवंड्याकडून शिकावे. त्यात कमीपणा नाही.

मग स्टील. ड्रॉइंगवरून सळयांचे वेळापत्रक, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, स्वतः काढून फिटरने कापलेल्या सळयांशी ताडून पाहावे. वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. १२ मिलिमीटरच्या सळईला मीटरमागे सुमारे ०.८९ किलो भरतात. ट्रकमधून उतरलेल्या मालाचे वजन करून फरक किती येतो ते पाहिले की पाठांतराला अर्थ येतो. रिंगांमधील अंतर, आकडे १३५ अंशांत वळले आहेत का, सांधे एकाच पातळीवर आले आहेत का, कव्हर ब्लॉक बसवले आहेत का. आयएस ४५६ : २००० प्रमाणे सौम्य वातावरणात स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर कव्हर लागते. खुर्च्या कमी पडल्या की स्लॅबचे वरचे स्टील माणसांच्या पायाखाली दबते आणि कॅन्टिलिव्हरमध्ये तेच धोक्याचे ठरते. गॅलरी कोसळल्याच्या बातमीमागे हे कारणही असू शकते.

काँक्रीट हा प्रशिक्षणाचा गाभा. आरएमसीची गाडी आली की चलनावर प्लँटमधून निघाल्याची वेळ बघावी, स्लम्प घ्यावा, १५ सेंटीमीटरचे क्यूब स्वतः भरावेत. आयएस ४५६ मध्ये नमुन्यांची संख्या ठरलेली आहे. ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, आणि पुढे प्रत्येक ५० घनमीटरमागे एक जास्त. एका नमुन्याचे तीन क्यूब. सात दिवसांचा निकाल हा अंदाज असतो, स्वीकार २८ दिवसांच्या निकालावर होतो. सहा आठवड्यांचे प्रशिक्षण असेल तर पहिल्या आठवड्यातच भरलेल्या क्यूबचा २८ दिवसांचा निकाल हातात पडतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात आग्रह धरावा.

पाणी मारणे हे बिगाऱ्याचे काम समजून विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्रित सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते. बाजारात येणारे बहुतेक सिमेंट मिश्रितच असते. सेंट्रिंग कधी काढायचे, यावरून ठेकेदार आणि अभियंता यांची रोज ओढाताण चालते, तीही ऐकावी. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि त्यापुढे २१ दिवस. हे आकडे साध्या सिमेंटसाठी आहेत. मिश्रित सिमेंटला वेळ वाढतो.

सरकारी कामावर असाल तर मोजमाप पुस्तिका नक्की पाहा. पानांना क्रमांक असतात, खोडरबर चालत नाही, चूक झाली तर आडवी रेघ मारून सही करायची. दरसूचीतील बाब, निविदेतील परिमाण, प्रत्यक्ष मोजमाप आणि त्यावरून निघणारे देयक ही साखळी एका लहानशा कामासाठी, समजा एका मोरीसाठी, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढली तर अहवालाचे निम्मे काम झाले. पुढे कनिष्ठ अभियंता झालेल्यांना पहिल्या महिन्यात ज्याची भीती वाटते ते हेच.

इथे एक बाजूची गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या वस्त्यांतून सिव्हिलला गेलेल्या अनेक मुलांचे आईवडील बांधकामावरच राबलेले आहेत, कुणी सेंट्रिंगवर, कुणी फिटर, कुणी नाक्यावर उभे राहून रोज नवे काम शोधणारे. मुले ही गोष्ट कॉलेजात लपवतात. वडिलांनी तीस वर्षांत किती स्लॅब टाकले, टेके कसे बसतात, व्हायब्रेटर जास्त चालवला की काय होते, हे ज्ञान पुस्तकात सहज सापडत नाही. प्रशिक्षणाला जाण्याआधी एक रविवार वडिलांबरोबर त्यांच्या कामावर काढावा. साइटची ओळखही बऱ्याचदा तिथूनच निघते. मुकादमाला अभियंता ओळखतो आणि अभियंत्याला ठेकेदार. आपल्याकडे ओळखी नाहीत असे आपण म्हणतो, पण त्या असतात. वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाला असतात इतकेच.

खर्च

पदवीच्या काळातील प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते. काही कंपन्या विद्यावेतन देतात. विचारायला लाजू नये, पण त्यावर हिशेब बांधू नये. ज्या मुलाच्या घरी सुट्टीतील कमाईवर पुढच्या सत्राचा खर्च निघतो, त्याला सहा आठवडे फुकट राबणे महाग पडते. हे त्रैराशिक धोरण लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात शहरानुसार मोठ्या महानगरांत वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे दर ठरलेले आहेत. रक्कम वेळेवर येईलच असे धरू नये. प्रशिक्षण दुसऱ्या शहरात असेल तर महाविद्यालयाचे उपस्थितीचे पत्र जपून ठेवावे, पुढच्या हप्त्याच्या वेळी कामाला येते. आई किंवा वडील नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून अभियांत्रिकी पदवीसाठी दोन पाल्यांना वर्षाला ६०,००० रुपये शैक्षणिक सहाय्य आहे. त्यासाठी कामगाराची नोंदणी जिवंत हवी आणि मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्यांच्या हातांनी शहर उभे राहिले त्यांच्याच मुलांना या योजनेची माहिती नसते, हे मी दर वर्षी पाहते.

सुरक्षितता, मुली आणि वागणूक

हेल्मेट आणि सुरक्षा बूट आस्थापना देणार की स्वतः आणायचे, हे रुजू होण्याआधी विचारावे. उंचीवर जायचे असेल तर हार्नेस हवा. नाही म्हटले तर चढू नये, अहवालात एक फोटो कमी आला तरी चालेल. अपघात विमा महाविद्यालयाने काढला आहे का ते लेखी विचारावे. तो असो वा नसो, बँक खात्याशी जोडलेला प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण देतो. तो प्रत्येकाने काढावा.

मुलींना साइट नाकारली जाते ती 'तुमच्याच सुरक्षेसाठी' असे म्हणून. खरी अडचण स्वच्छतागृहाची आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या स्लॅबची असते. दोन्हींवर मार्ग निघतो. दोघी-तिघींनी मिळून एकाच साइटसाठी अर्ज करावा, वेळ पत्रात नमूद करून घ्यावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुदत तीन महिन्यांची आहे. 'मी तर फक्त ट्रेनी होते' असे म्हणून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कायदा तसे म्हणत नाही.

'आडनाव काय?' हा प्रश्न साइटवर दुसऱ्या दिवशी येतो. उत्तर ऐकून काम बदलले, ड्रॉइंग काढून घेऊन फक्त माल मोजायला बसवले, तर तारीख आणि वेळ दैनंदिनीत लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात महाविद्यालयातील मार्गदर्शकाला लेखी कळवावे. महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमाती समिती असते, तिची प्रत जोडावी. सहा आठवड्यांनी सांगितले तर कोणी ऐकत नाही. पहिल्याच आठवड्यात सांगितले तर निदान साइट बदलून मिळते.

कागद

महाविद्यालयाचे शिफारसपत्र, आस्थापनेचे स्वीकृतीपत्र, रुजू झाल्याचा अहवाल, रोजची सही असलेली दैनंदिनी, मार्गदर्शक अभियंत्याचे मूल्यमापन आणि शेवटचे प्रमाणपत्र, इतके सगळे मूळ प्रतीत हवे. प्रमाणपत्रावर कामाचे नाव, कालावधी आणि तुम्ही केलेले काम यांचा उल्लेख करून घ्यावा. 'समाधानकारकरीत्या पूर्ण केले' एवढ्याच ओळीला किंमत नाही. दैनंदिनी रोज रात्री लिहावी. एकदम शेवटी बसून लिहिलेली लगेच ओळखू येते, शाई एकसारखी असते.

पदवीनंतरची शिकाऊ उमेदवारी

इंटर्नशिप आणि कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. याच अधिनियमातील कलम ३-अ प्रशिक्षणाच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवायला सांगते. या मागणीचे मूळ जुने आहे. १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी तांत्रिक प्रशिक्षणाचा मुद्दा मांडला होता आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांतील उमेदवारीकडे लक्ष वेधले होते.

३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदवीधरांना दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकांना ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते, कालावधी एक वर्षाचा असतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे काम मुंबईतील पश्चिम विभागाच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे आहे. योजनेच्या पोर्टलवर नोंदणी स्वतः करता येते. अंतिम वर्षाचा निकाल लागताच करावी.

केंद्राच्या उपक्रमांत अर्ज करताना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण राज्याच्या नमुन्यातील दाखला तिथे परत येतो आणि मुदत निघून जाते. उपविभागीय अधिकारी कार्यालयातून तो अंतिम वर्षातच काढून ठेवावा.

आणि एक अट बहुतेकांना उशिरा कळते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक कामाचा अनुभव असलेल्याला या योजनेत घेत नाहीत. निकालानंतर मिळेल त्या ठेकेदाराकडे सात-आठ हजारांवर वर्ष काढायचे आणि मग शिकाऊ उमेदवारीचा अर्ज करायचा, असा क्रम ठेवला तर तो अर्ज पात्रतेतच अडकतो. अर्ज आधी करावा, उत्तर येईपर्यंतच्या महिन्यांत हाताला मिळेल ते काम करावे.